कडेवरचा कोबाल्ट

शोधांना वाढदिवस असतो असं आपल्याला शाळेपासून वाटत आलेलं असतं. सनावळ्या पाठ करायची सवय, दुसरं काय! अमुक साली अमक्याने तमुक शोधलं, गाळलेल्या जागा भरा, दोन मार्क. पण काही शोधांचा वाढदिवस काढायला बसलं की घोळ सुरू होतो. बारसं एका वर्षी झालेलं असतं, जन्म त्याच्या कितीतरी आधीचा निघतो, आणि पोर त्याच्याही आधीपासून घरात रांगत असतं. फक्त कुणाचं लक्ष नसतं.

'एक-अणू उत्प्रेरक' हे असंच एक पोर. हायड्रोजन इंधनाबद्दल काहीही वाचायला घेतलं की आजकाल हे नाव भेटतं. धातूचा एकेक सुटा अणू एखाद्या पातळ पापुद्र्यावर बसवायचा आणि त्या एकट्या अणूकडून रासायनिक काम करून घ्यायचं, अशी ही कल्पना. बहुतेक लेखांत तिची जन्मतारीख २०११ दिलेली असते. मला ती तारीख खटकते. चूक आहे म्हणून नाही, अपुरी आहे म्हणून. कारण याच प्रकारातला एक अणू तेलशुद्धीकरण कारखान्यांत अर्धं शतक मुकाट्याने राबत होता, आणि तो नेमका कुठे बसून काम करतो हे त्याला राबवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. आज त्याची गोष्ट सांगायची आहे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

सुरुवात उत्प्रेरकापासून. आम्हाला शाळेत बाईंनी सांगितलं होतं की उत्प्रेरक म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. दोन्हीकडच्या मंडळींना एकत्र आणतो, लग्न लावून देतो, आणि स्वतः होता तसाच मोकळा पुढच्या स्थळाकडे निघतो. उपमा झकास आहे. १८२३ साली जर्मनीतल्या येना गावी डोबेरायनर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला आणि काडी न ओढता ज्वाळा पेटली. प्लॅटिनम जसंच्या तसं. त्याने त्याचा चक्क लायटर बनवला आणि तो लायटर पुढे युरोपात बराच खपला. असे काही चमत्कार गोळा झाल्यावर १८३५ साली स्वीडनच्या बर्झेलियसने या शक्तीला 'कॅटॅलिसिस' असं नाव दिलं. इथेही बारसं नंतर आणि जन्म आधी, हे लक्षात ठेवा.

पण मध्यस्थाच्या उपमेत एक प्रश्न राहून जातो. लग्नं जमवतो तो नक्की कोण? प्लॅटिनमच्या तुकड्यात अब्जावधी अणू आहेत. आतले तर कुणाला भेटतच नाहीत. मग पृष्ठभागावरचे सगळे काम करतात का? १९२५ साली ह्यू टेलर या प्रिन्स्टनच्या प्राध्यापकाने म्हटलं की नाही, सगळे करत नाहीत. त्याचा एक पुरावा मला फार आवडतो. काही उत्प्रेरकांवर विषारी पदार्थाची इतकी थोडी मात्रा पुरते, की तिने सगळा पृष्ठभाग झाकला जाणं शक्यच नाही, आणि तरी उत्प्रेरक पार बंद पडतो. म्हणजे काम करणाऱ्या जागा मोजक्याच असणार आणि विष नेमकं तिथेच जाऊन बसत असणार. कचेरीत शंभर माणसं आहेत, तीनच जण रजेवर गेले आणि कामकाज ठप्प झालं, तर त्यावरून आपण काय ओळखतो? तेच. :-)

टेलरने या जागांना 'सक्रिय जागा' म्हटलं. पण त्या दाखवायच्या कशा? अणू बघायची सोय तेव्हा नव्हती. त्यामुळे पुढची अनेक दशकं कारखानदारांनी आपला जुना मार्ग धरला, तो म्हणजे करून बघा.

आता गोष्टीतला पापुद्रा. मॉलिब्डेनाइट नावाचं एक काळं, चकचकीत, बोटाला ओशट लागणारं खनिज आहे. कागदावर घासलं तर पेन्सिलीसारखी रेघ उमटते. त्यामुळे शतकानुशतकं लोक त्याला ग्रॅफाइट समजत होते, किंवा शिशाचं खनिज. मॉलिब्डेनम हे नावच मुळी शिशाच्या ग्रीक नावावरून आलं, म्हणजे नावातच गैरसमज पक्का झाला. १७७८ साली शीलेने दाखवलं की हे प्रकरण वेगळं आहे. हा पदार्थ म्हणजे मॉलिब्डेनम आणि गंधक यांचं संयुग, मॉलिब्डेनम डायसल्फाइड. पुढे १९२३ साली कॅल्टेकमध्ये रॉस्को डिकिन्सन आणि त्याचा बावीस वर्षांचा विद्यार्थी लायनस पॉलिंग (हो, तोच, पुढे दोन नोबेल मिळवणारा) यांनी क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. मध्ये मॉलिब्डेनमचा थर, वर-खाली गंधकाचे थर, अशी सँडविचेस एकावर एक रचलेली. सँडविच स्वतः घट्ट, पण दोन सँडविचमधला धरबंध अगदी ढिला. चिरोट्यासारखं! बोट लावलं की पापुद्रे सुटतात. म्हणून तर हा पदार्थ ग्रीसमध्ये वंगण म्हणून घालतात. आणि पापुद्रे किती पातळ? सुमारे सोळा लाख एकावर एक ठेवले तर उंची होईल एक मिलिमीटर.

या वंगणाला उत्प्रेरक कुणी केलं? कोळशाने. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडे कोळसा मुबलक होता आणि खनिज तेल जवळजवळ नव्हतं. कोळशावर प्रचंड दाबाखाली हायड्रोजन सोडून पेट्रोल बनवायची बर्गियसची पद्धत हाताशी होती, पण उत्प्रेरक टिकत नव्हता, कारण कोळशात गंधक असतं आणि बहुतेक धातूंना गंधक बाधतं. मग मातियास पीअर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उलटा विचार केला. जो पदार्थ आधीच गंधकाने भरलेला आहे त्याला गंधकाची काय भीती? मॉलिब्डेनम आणि टंगस्टन यांची गंधकयुक्त संयुगं त्या भट्टीत टिकली. १९२७ साली लॉयना इथला कारखाना सुरू झाला. पुढे याच पेट्रोलवर हिटलरची विमानं उडाली आणि १९४४ साली दोस्त राष्ट्रांच्या बाँबफेकी विमानांनी याच कारखान्याला लक्ष्य केलं. उत्प्रेरक कुणाचं लग्न लावून देतो आहे हे विचारत नाही, ही त्या उपमेची काळी बाजू. शाळेत ती कुणी सांगितली नव्हती.

युद्ध संपलं आणि हाच पदार्थ वेगळ्या कामाला लागला. १९४९ साली अमेरिकेत व्लादिमीर हेन्सेलची 'प्लॅटफॉर्मिंग' पद्धत आली. प्लॅटिनमच्या साहाय्याने हलक्या दर्जाच्या नॅफ्थ्यापासून उत्तम पेट्रोल करायची. तिची दोन टोकं आपल्या गोष्टीत येतात. एक, प्लॅटिनमला गंधक चालत नाही, म्हणून नॅफ्थ्यातलं गंधक आधी काढणं भाग पडलं. दोन, या प्रक्रियेत हायड्रोजन फुकट सुटायला लागला. गंधक काढायला हायड्रोजनच लागतो! तेल आणि हायड्रोजन तीन-साडेतीनशे अंशांना उत्प्रेरकावरून नेले की हायड्रोजन गंधकाला उचलून घेऊन जातो. गरजही तिथेच, सामानही तिथेच. पन्नाशीच्या दशकापासून तेलशुद्धीकरण कारखान्यांत हे काम सर्रास होऊ लागलं, आणि त्यासाठी उत्प्रेरक होता ॲल्युमिनावर पसरलेला मॉलिब्डेनम डायसल्फाइड, आणि त्यात चिमूटभर कोबाल्ट.

ही चिमूट म्हणजे आपला नायक. कोबाल्ट हे नाव जर्मन खाणकामगारांच्या 'कोबोल्ड' या भुतावरून पडलं. भुतासारखाच वागला हा. नुसतं कोबाल्टचं गंधकयुक्त संयुग घेतलं तर ते या कामात सामान्य. नुसता मॉलिब्डेनम डायसल्फाइड घेतला तर ठीकठाक. पण दोन्ही एकत्र आले की वेग कित्येक पटींनी वाढतो. का? कुणालाही सांगता येईना. कुणी म्हणे कोबाल्ट पापुद्र्यांच्या फटींत शिरतो. बेल्जियममधले देल्मों म्हणत की दोन्ही पदार्थांचे कण वेगळेच राहतात, शेजारी असल्याने एकमेकांना मदत करतात. वाद वर्षानुवर्षं चालला. कारखाने मात्र चालूच होते. हा भाग मला विलक्षण वाटतो. अख्ख्या जगाचं इंधन ज्या पदार्थावरून जात होतं, त्याच्यात नक्की कोण काम करतं यावर एकमत नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं.

अडलं ते डेन्मार्कमधल्या एका माणसाचं. हॅल्डॉर टॉप्सो यांनी १९४० साली, देश जर्मनीच्या ताब्यात गेला त्याच वर्षी, उत्प्रेरक बनवणारी कंपनी काढली. त्यांचा मुलगा हेन्रिक टॉप्सो याने सत्तरच्या दशकात हा प्रश्न धरला. कोबाल्ट इतका थोडा आणि इतका विखुरलेला, की क्ष-किरणांना तो दिसत नव्हता. मग त्याने आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कोबाल्ट वापरला. कोबाल्ट-५७ हा विघटन पावून लोह-५७ होतो आणि त्या क्षणी गॅमा किरण सोडतो. मोसबाउअर पद्धतीने ते किरण बारकाईने मोजले तर अणूच्या आजूबाजूला कोण बसलं आहे ते कळतं. म्हणजे कोबाल्टलाच विचारलं, बाबा रे, तुझा पत्ता काय? उत्तरं तीन आली. काही कोबाल्ट ॲल्युमिनात मुरलेला, काही स्वतःच्या वेगळ्या कणांत, आणि काही एका तिसऱ्याच ठिकाणी, मॉलिब्डेनम आणि गंधकाच्या संगतीत. १९८१ साली त्यांनी दाखवलं की उत्प्रेरकाचा वेग या तिसऱ्या कोबाल्टच्या प्रमाणात वाढतो. बाकीचे दोन नुसते हजेरीपटावर.

आणि हे तिसरं ठिकाण कुठलं? पापुद्र्याची कड.

इथे मुंबईकरांना समजावून सांगायची गरज नाही. लोकलच्या डब्यात माणसं भरपूर असतात, पण चढ-उतार होते ती दाराशी. आत मधोमध उभा असलेला माणूस प्लॅटफॉर्मच्या दृष्टीने नसल्यासारखाच. पापुद्र्याच्या मधल्या भागातल्या प्रत्येक अणूची सगळी नाती पूर्ण झालेली असतात, त्याला नवीन कुणाशी बोलायची गरज नसते. कडेच्या अणूचा एक हात रिकामा असतो. कोबाल्ट तिथे, एकेका मॉलिब्डेनमच्या जागी जाऊन बसतो आणि शेजारच्या गंधकाची पकड सैल करतो. जागा रिकामी होते, तेलातलं गंधक तिथे येऊन अडकतं, हायड्रोजन त्याला घेऊन जातो, जागा पुन्हा रिकामी. पापुद्र्याने कोबाल्टला कडेवर घेतलंय, असं मी म्हणते. शब्द आपल्याकडे आयताच तयार आहे!

डोळ्यांनी दिसायला मात्र २००० साल उजाडावं लागलं. डेन्मार्कमध्येच, ऑर्हूस विद्यापीठात, बेझेनबाखर यांच्या गटाने सोन्याच्या पृष्ठभागावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे एकाच थराचे इवलेसे तुकडे वाढवले आणि टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने त्यांची चित्रं काढली. तुकडे चक्क त्रिकोणी, आणि कडेने उजळ झालर. पुढच्याच वर्षी कोबाल्ट घालून बघितलं तर त्रिकोणांचे कोपरे कापले जाऊन षटकोनी आकार झाले, कारण कोबाल्टने आपली आवडती कड धरली होती. टेलरने १९२५ साली तर्काने म्हटलं होतं, ते पाऊणशे वर्षांनी चित्रात दिसलं. ती चित्रं पाहताना मला दर वेळी गणपतीच्या आरासातल्या दिव्यांच्या माळा आठवतात.

या ज्ञानाचं पुढे काय झालं? दोन गोष्टी झाल्या. पहिली आपल्या नाकातोंडाशी संबंधित आहे. डिझेलमधलं गंधक कमी करत नेण्याचे नियम जगभर कडक झाले. आपल्याकडे भारत स्टेज २ मध्ये दहा लाख भागांत ५०० भाग गंधक चालत होतं, १ एप्रिल २०१७ पासून देशभर ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून फक्त १०. शेवटचं चिवट गंधक काढायचं तर उत्प्रेरक तसाच तल्लख हवा, आणि कड कशी वाढवायची हे कळल्यामुळे तो करता आला. नव्वदच्या दशकातल्या बसमागे नाकाला रुमाल लावून उभं राहिलेल्या प्रत्येकाने या कडेला एक नमस्कार करायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट हायड्रोजनची. २००५ साली डेन्मार्कच्याच नोर्स्कोव यांच्या गटाच्या लक्षात आलं की या पापुद्र्याची कड निसर्गातल्या एका जुन्या यंत्रासारखी दिसते. हरभरा, तूर, भुईमूग उपटला की मुळांवर गाठी दिसतात ना? त्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात तो ज्या विकराने, त्याच्या गाभ्यात लोह, गंधक आणि मॉलिब्डेनम असतात. त्या गाभ्याला हायड्रोजनशी व्यवहार जमतो, तर कडेलाही जमेल असा त्यांचा हिशोब. जमला. २००७ साली दाखवलं गेलं की पाण्यातून हायड्रोजन सोडवण्याचं काम तुकड्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसून कडेच्या लांबीवर असतं. महाग प्लॅटिनमला स्वस्त पर्याय दिसायला लागला.

आता दुसरीकडे काय चाललं होतं ते बघू. प्लॅटिनम, सोनं यांच्या कणांवर काम करणारी मंडळी कण बारीक करत चालली होती, कारण कणाच्या आत दडलेला प्रत्येक अणू म्हणजे वाया गेलेला पैसा. २००३ साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात मारिया फ्लित्झानी-स्तेफानोपुलोस आणि सहकाऱ्यांनी एक धाडसी प्रयोग केला. सिरियम ऑक्साइडवर सोन्याचे कण असलेला उत्प्रेरक घेतला आणि सायनाइडने, खाणीत सोनं वेगळं करतात त्याच पद्धतीने, त्यातलं बहुतेक सोनं धुऊन टाकलं. चमकणारे सगळे कण गेले. आणि वेग? होता तेवढाच! म्हणजे काम करत होतं ते न दिसणारं, ऑक्साइडला चिकटून राहिलेलं विखुरलेलं सोनं. दिसणारं सोनं नुसतं मिरवत होतं.

मग २०११ साली चीनमधल्या दालियनच्या संस्थेत झांग ताओ आणि सहकाऱ्यांनी लोहाच्या ऑक्साइडवर प्लॅटिनमचे सुटे सुटे अणू बसवले, सुधारित इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ते सुटेच आहेत हे दाखवलं, कार्बन मोनॉक्साइड जाळून दाखवला, आणि 'एक-अणू उत्प्रेरण' हे नाव रूढ झालं. बारसं झालं ते हे.

दोन्ही प्रवाह लवकरच एकत्र आले. २०१५ साली दालियनमध्येच देंग देहुई आणि बाओ शिनहे यांच्या गटाने मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या पापुद्र्यात, कडेला नव्हे तर मधोमध, प्लॅटिनमचे सुटे अणू बसवले. लोकलच्या डब्याला मध्येच दार पाडलं म्हणा ना. आणि गंमत अशी की त्यांच्या हिशोबानुसार हायड्रोजन प्लॅटिनमवर बसतच नाही, तो बसतो शेजारच्या गंधकावर. प्लॅटिनमच्या सहवासाने इतके दिवस ढिम्म असलेलं गंधक कामाला लागतं. मग 'एक अणू' म्हणायचं कुणाला? २०१७ साली ऑक्सफर्डमधल्या एडमन त्सांग यांच्या गटाने तेच कोबाल्टबाबत केलं. एकथरी पापुद्र्यावर सुटे कोबाल्ट अणू, आणि वनस्पतिजन्य तेलातला ऑक्सिजन काढण्यासारखी प्रक्रिया, जिला एरवी ३०० अंश लागत, ती १८० अंशांवर उरकली. कडेवरचं पोर आता घरभर फिरायला लागलं.

इथे कुणीतरी म्हणेल, अहो पण टॉप्सोंचा कोबाल्ट हा काही खरा 'एक-अणू' नव्हे. कडेवर ते रांगेने शेजारी शेजारी बसतात, एकटे नसतात. बरोबर आहे. काटेकोर व्याख्या लावली तर तो बाद होतो. शिवाय २०११ च्या लोकांनी जे केलं ते नक्कीच मोठं होतं. त्यांनी अणू मुद्दाम बसवला, बसलेला दाखवला, आणि इतरांनाही बसवता येईल अशी वाट करून दिली. नाव मिळाल्यावर विचार करायला मूठ मिळते हेही खरं. पण काटेकोर व्याख्या लावत गेलं तर २०१५ चा प्लॅटिनमही 'एकटा' काम करत नाही. शेजाऱ्यावाचून त्याचं चालत नाही. तेव्हा एकटेपणाच्या अटीवर एकाला इतिहासात घ्यायचं आणि दुसऱ्याला दाराबाहेर ठेवायचं, हे मला पटत नाही.

मला वाटतं, अशा गोष्टींत तीन वेगळ्या तारखा ठेवाव्यात. वापर कधी सुरू झाला, उमज कधी पडली, आणि नाव कधी मिळालं. आपल्या कोबाल्टच्या बाबतीत वापर पन्नाशीच्या दशकात सर्रास झाला, उमज १९८१ च्या आसपास पडली, नाव २०११ ला मिळालं, आणि तेही दुसऱ्याच्या. पाठ्यपुस्तकात तिसरी तारीख छापली जाते कारण ती सुटसुटीत असते. पहिल्या तारखेतली माणसं, म्हणजे भट्टीपाशी उभं राहून 'चिमूटभर कोबाल्ट घातला की बरं चालतं' एवढंच नोंदवणारी, त्यांची नावं कुठे फारशी येत नाहीत. आपल्या स्वयंपाकघरातलं ज्ञानही असंच आहे. भाकरीच्या पिठाला गरम पाणी का, हे घरातल्या बायकांना हातांना ठाऊक होतं. स्टार्चचं स्पष्टीकरण मागाहून आलं. स्पष्टीकरण देणाऱ्याचा मान त्याला जरूर द्यावा, पण भाकरी त्याच्या आधीपासून फुगत होती हे विसरू नये.

आणि हेही तितकंच खरं की नुसतं 'चालतंय ना' म्हणत बसलं असतं तर ५०० चे १० झाले नसते. करणाऱ्याने आणि विचारणाऱ्याने एकमेकांच्या कडेला बसावं लागतं. मधोमध बसून दोघांचंही काही होत नाही.

असो. बरंच लांबलं. सनावळीवरून भांडायचं असेल तर जरूर भांडा, मला आवडेल. तुमच्या कामात, तुमच्या घरात अशी एखादी 'चिमूट' आहे का, जी का चालते ते कुणालाच माहीत नाही? असली तर कळवा. निदान तिची पहिली तारीख तरी लिहून ठेवू.